एक कार्बन कमी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षणसंस्थेचे सर्वेसर्वा, आदरणीय साहेब. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मला 'पाचच मिनिटं हं' असं तीनदा बजावणाऱ्या मुख्याध्यापिका. समोर बसलेला शिक्षकवर्ग, पालक, आजी-माजी विद्यार्थी. आणि आजच्या उत्सवमूर्ती, तुम्हा सर्वांच्या रसायनशास्त्राच्या बाई, ज्या माझ्याही बाईच आहेत, कारण घरीसुद्धा त्यांनी मला कधी खाली बसू दिलेलं नाही.

मी शिंपी माणूस. माझी जीभ कात्रीसारखी चालते असं गिऱ्हाईक म्हणतं, पण ते दुकानात. इथे ध्वनिक्षेपकासमोर उभं राहिल्यावर तोंडाला कोरड पडली आहे. शिवाय माझी एक खोड आहे. मला माणसाच्या चेहऱ्याआधी त्याची शिलाई दिसते. या क्षणी मला सभागृहात कुणाचं काय उसवलंय ते स्पष्ट दिसतंय. पण घाबरू नका, मी नावं घेणार नाही.

मुख्याध्यापिकांनी मला सांगितलं, की तुम्ही बाईंच्या घरगुती स्वभावावर बोला, विज्ञानावर आम्ही बोलू. आता यांना कसं सांगायचं? बाईंचा घरगुती स्वभाव म्हणजेच विज्ञान. लग्न झालं त्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाची पँट इस्त्रीनं जाळली. चांगलं हाताएवढं भोक पडलं. मी डोक्याला हात लावून बसलो. नवी नवरी जवळ आली. मला वाटलं, धीर देईल. तिनं पँट उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, तुम्ही कापड कापता तेव्हा तो भौतिक बदल असतो, कापड कापडच राहतं. हा मात्र रासायनिक बदल आहे, आता हे परत कापड होणार नाही. एवढं बोलून ती चहा टाकायला गेली. माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी सांगितलं होतं, की मुलगी हुशार आहे. त्यांनी ते कौतुकानं सांगितलं होतं की सावध करायला, हे मला त्या दिवशी समजलं.

चष्मा हरवला, की इतर घरांत बायको शोधून देते. आमच्याकडे उत्तर मिळतं, "द्रव्य नष्ट होत नाही, नीट बघा." एकदा मी विचारलं, की अणू म्हणजे नेमकं काय गं? तिनं दोन वाक्यांत सांगितलं. कोणताही पदार्थ लहान करत करत गेलं, की शेवटी हाती लागतो तो त्याचा बारीकात बारीक कण. आणि तो कणसुद्धा आतून बहुतेक रिकामाच असतो. मी म्हटलं, मग एवढी मोठी दुनिया रिकामीच की. ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, काही काही ठिकाणी जरा जास्तच.

आणि स्थायू, द्रव, वायू. विद्यार्थ्यांनो, तुम्ही ते पुस्तकात शिकलात, मी आत्ता इथे उभा राहून बघतोय. पहिल्या रांगेतले मान्यवर म्हणजे स्थायू. जागा सोडत नाहीत, पण बारीक चुळबुळ चालू आहे. मधल्या रांगा द्रव. एकमेकांना धरून आहेत, पण हळूहळू चहाच्या टेबलाच्या दिशेनं वाहताहेत. आणि सातवीचा वर्ग मागच्या दारापाशी उभा आहे, तो वायू. दार उघडलं, की मिळेल ती सगळी जागा व्यापणार. बाई मान हलवताहेत, म्हणजे उदाहरण बरोबर आहे. अर्धा गुण तरी द्या.

तर मला आज सांगायची आहे बटणांची गोष्ट. ती इथल्या जुन्या लोकांना अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी कालपर्यंत कुणालाच माहीत नव्हती. मलाही नाही. मुख्याध्यापिका, घड्याळाकडे बघू नका. ही गोष्ट ऐकल्याशिवाय आज प्रयोगशाळेला कुलूप लावता येणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

या शाळेत प्रयोगशाळा आली, तेव्हा त्या खोलीत एक टेबल, एक नळ आणि भरपूर उत्साह होता. बाईंना अणू शिकवायचे होते आणि अणूंचे ठोकळे विकत घ्यायची सोय नव्हती. एके दिवशी ती दुकानात आली, मशीनजवळच्या बरण्यांसमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, साडीला काही हवं असेल. ती म्हणाली, "अहो, तुमच्याकडे अख्खं रसायनशास्त्र पडलंय, आणि तुम्ही ते शर्टांना लावता?"

झालं असं, की तिला बटणांची भोकं दिसली. ज्या बटणाला मागे एकच कडी, तो हायड्रोजन, कारण तो एकाच हाताला हात देतो. दोन भोकांचं पांढरं बटण तो ऑक्सिजन. चार भोकांचं तपकिरी तो कार्बन. जितकी भोकं तितके हात, आणि हातात हात म्हणजे निळा दोरा. एका कार्बनच्या चार भोकांना चार कडीची बटणं बांधली, की झाला मिथेन. दोन कडीवाले एका पांढऱ्याला बांधले, की पाणी. पोरांना पुस्तकातलं चित्र समजत नसे, पण हातात दोरा आला की चटकन कळायचं, की पाण्यात ऑक्सिजनचा एकही हात मोकळा उरत नाही.

फक्त नायट्रोजननं माझ्या नाकी नऊ आणले. त्याला तीन हात. तीन भोकांचं बटण मी अख्खा बाजार पालथा घालून शोधलं. दुकानदार माझ्याकडे कीव करून बघायला लागले. शेवटी मी चार भोकांच्या बटणाचं एक भोक दोऱ्यानं बुजवून दिलं. बाईंनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, ही निसर्गाची फसवणूक आहे. वापरलं मात्र तेच.

तर हळूहळू माझ्या बरण्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि शाळेचं वातावरण भरत गेलं. गिऱ्हाईक कोट घ्यायला यायचं, आणि कार्बन शाळेत गेलेला असायचा. खरं सांगायचं तर मला मजा वाटायची. दिवसभर मी काजं करत बसायचो, आणि माझी बटणं मात्र शिकायला जात होती.

बाईंचा एक नियम होता, तो इथल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला पाठ आहे. तास सुरू होताना बटणं मोजायची, तास संपताना मोजायची. प्रयोगात जोड्या तुटोत, नव्या जुळोत, रेणू बदलोत, पण अणू आत गेले तेवढेच बाहेर आले पाहिजेत. द्रव्य अक्षय्यतेचा नियम. आकडा जुळल्याशिवाय वर्ग सुटत नसे. बाकाखाली रांगत बटण शोधलेली पोरं आज इथे टाय लावून बसली आहेत, मी ओळखतो त्यांना.

आता येतो त्या दिवसाकडे. संस्थेचे तपासनीस शाळा पाहायला येणार होते. प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं. आणि ते तपासनीस म्हणजे आजचे आपले अध्यक्ष. साहेब, तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता.

आदल्या संध्याकाळी साहेब स्वतः दुकानात आले. अंगावरचा कोट काढून दिला. समोरची तिन्ही बटणं सैल झाली होती. तपकिरी, चार भोकांची, कडेला बारीक सोनेरी रेघ. उत्तम माल. मी कोट चाचपून बघितला आणि म्हटलं, साहेब, खिशाची पिशवीपण आतून फाटली आहे, शिवून देऊ का? साहेब म्हणाले, "फक्त बटणं. सांगितलं तेवढंच करा." हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

मी जुना दोरा काढून तिन्ही बटणं वाटीत ठेवली, म्हटलं सकाळी पक्का दोरा घालून लावू. सकाळी वाटी रिकामी. बाईंच्या वर्गात एक बाक वाढलं होतं, कार्बन कमी पडत होता, आणि नवऱ्याच्या मशीनशेजारी वाटीत तीन सुंदर कार्बन आयते पडलेले. तिनं ते उचलले आणि ती शाळेत गेली. कोट कुणाचा होता, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तपासनीस कोण हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, प्रयोगशाळेच्या जिवावर बेतेल असा उद्योग करून ठेवला होता.

साहेब दारात उभे. बरणीत फक्त दोन भोकांची पांढरी बटणं. मी घाईघाईनं ती तीन टाचली. साहेबांनी न बघता कोट चढवला आणि निघाले. जाता जाता म्हणाले, शाळेत तपासणी आहे. मी दुकान तसंच उघडं टाकून मागच्या वाटेनं पळत सुटलो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. हातवारे करून बाईंना सांगायचा प्रयत्न केला. बाईंना वाटलं, त्यांचा डबा राहिला म्हणून मी आलोय. त्यांनी हातानंच सांगितलं, नंतर.

साहेब आले. बाईंनी मिथेन जाळायला घेतला. म्हणजे बटणांचा. प्रत्येक बाकावर मिथेनचे दोरे कापायचे, ऑक्सिजनच्या जोड्या सोडवायच्या आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बांधायचं. पोरं रंगून गेली होती. साहेबसुद्धा मान डोलावत बाकांमधून फिरत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ही मुलगी एरवी प्रश्न विचारायची नाही. ती म्हणाली, "बाई, साहेबांच्या कोटावर तीन ऑक्सिजन आहेत. म्हणजे ओझोन ना?"

साहेबांनी खाली बघितलं. आपल्या कोटावरची पांढरी बटणं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग त्यांची नजर त्या मुलीच्या बाकावर गेली. तिथे चारही दोरे कापून झालेला, एका भोकात दोऱ्याचं टोक राहिलेला एक कार्बन पडला होता. तपकिरी, कडेला सोनेरी रेघ. साहेबांनी तो उचलला. माझी खिडकीबाहेर पाचावर धारण बसली.

आणि बाई काय म्हणाल्या? दुसरी एखादी माफी मागून मोकळी झाली असती. बाई त्या मुलीला म्हणाल्या, शाब्बास, पण ओझोन फार काळ टिकत नाही. हे शब्द तोंडातून बाहेर पडायला आणि साहेबांच्या कोटाचं मधलं बटण तुटून खाली पडायला एकच गाठ पडली. मी आयुष्यात टाचलेलं दुसरं कुठलंही बटण असं तुटलेलं नाही, हे इथे धंद्याच्या दृष्टीनं नमूद करतो. बटण घरंगळत टेबलाखाली गेलं. सगळा वर्ग त्याच्या मागे. साहेबही वाकले. एकच धांदल उडाली.

तास संपला. मोजणी झाली. हायड्रोजन बरोबर. ऑक्सिजन बरोबर. कार्बन एक कमी.

पुन्हा मोजलं. बाकं हलवली, दप्तरं झटकली, नळाखालची बादली उपसली. मी खिडकीतून आत आलो आणि मीही रांगलो. कार्बन नाही. त्या पहिल्या बाकावर दोन पांढरे ऑक्सिजन दोरे लोंबत तसेच पडून राहिले, मधला जोडीदार नसलेले. साहेब काटेकोर माणूस. ते म्हणाले, "बाई, तुमच्याच नियमानं तुमचा प्रयोग फसला." बाई म्हणाल्या, "नष्ट झालेला नाही साहेब. इथेच कुठेतरी आहे." आणि साहेबांनी भर वर्गात शब्द दिला, की ज्या दिवशी तो कार्बन सापडेल, त्या दिवशी मी माझा शेरा स्वतः बदलीन. तोवर प्रयोगशाळेला मान्यता तात्पुरती.

ती तात्पुरती मान्यता आजतागायत तात्पुरतीच आहे. साहेब तपासनिसाचे अध्यक्ष झाले, पोरांची पोरं शिकायला आली, पण दरवर्षी बाईंनी अर्ज करायचा आणि संस्थेनं वर्षभराची मुदत वाढवायची. आणि आता बाई निवृत्त होताहेत, तर मुदत वाढवून मागणारंच कुणी नाही, असं मुख्याध्यापिकांनी मघाशी मोठ्या हळुवार शब्दांत सांगितलं. त्या खोलीत म्हणे जादा खुर्च्या ठेवणार. तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्याच.

प्रयोगशाळेत फळ्याशेजारी एका खिळ्याला दोन पांढरी बटणं निळ्या दोऱ्यानं टांगलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. कुणी हात लावला तर बाई रागवायच्या. का टांगलीत, विचारलं, तर म्हणायच्या, त्यांचा कार्बन यायचाय. तुम्हाला तो विनोद वाटायचा. मला नाही वाटायचा. मी घरी बघत होतो ना. आमच्या बाईंना बढती हुकल्याचं दुःख झालं नाही, गुडघ्याचं झालं नाही. पण गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, "अहो, एवढी वर्षं पोरांना शिकवलं की काही हरवत नाही. आणि माझीच मोजणी चुकलेली ठेवून जायचं." मला फार वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, की बटण आहे ते, कुठेतरी गेलं असेल वाहून, सोडून दे. ती रागानं म्हणाली, तुम्हाला इतक्या वर्षांत एवढंसुद्धा कळलं नाही. आणि दोन दिवस बोलली नाही.

साहेबांनीही त्या दिवसानंतर आमच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं होतं. त्यांना दोनच सोनेरी रेघेची बटणं परत मिळाली, मधलं मी काळं लावलं, ते त्यांना खटकायचं. ते दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागले. तो शिंपी आता गाशा गुंडाळून मुलाकडे राहायला गेला. म्हणून काल, आजच्या समारंभासाठी, तोच कोट घेऊन साहेब नाइलाजानं माझ्याकडे आले. पोटावर जरा सैल करून हवा होता. कोट तेवढाच होता, साहेबांचं द्रव्य वाढलंय. ते कुठून आलं, हे बाई सांगतील, शून्यातून येत नाही एवढं मला माहीत आहे.

मी कडेची शिवण उसवायला कोट उलटा केला आणि बोटांना खालच्या पट्टीत काहीतरी कडक लागलं. दोन टाके काढून आत डोकावलो. आणि मग मी मशीनवर डोकंच टेकलं.

साहेब, तुम्ही त्या दिवशी टेबलाखाली वाकलात, तेव्हा तुमच्या हातात काय होतं, आठवतं? वाकायला हात मोकळा हवा, म्हणून माणूस हातातली वस्तू आपसूक कुठे टाकतो? आणि तुमच्या खिशाची पिशवी फाटकी होती, हे तुम्हाला आदल्या संध्याकाळी कोण सांगत होतं? सांगितलं तेवढंच करा, म्हणालात. मी तेवढंच केलं.

मी ते बटण काढलं नाही. काढून आणलं असतं, तर साहेब म्हणाले असते, शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा. ते दोन टाके मी परत घातले आणि वरून इस्त्री फिरवली. रात्री जेवताना ही मला विचारत होती, की का हसताय. मी म्हटलं, काही नाही, निवृत्त बायको मिळणार म्हणून. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, ते मी इथे सांगत नाही.

तर अध्यक्षमहाराज, जरा उभे राहण्याची कृपा करावी. कोटाची खालची पट्टी, डावीकडे, शिवणीपासून चार बोटं. हां, तिथेच. लागलं? ही घ्या कात्री. माझे फक्त दोन टाके आहेत, हलक्या हातानं कापा. सावकाश. सातवीच्या वर्गानं स्थायूच राहावं, पुढे येऊ नये.

तपकिरी. चार भोकं. कडेला सोनेरी रेघ. आणि साहेब, जरा वर धरून सगळ्यांना दाखवा, एका भोकात निळ्या दोऱ्याचं टोक अजून तसंच आहे. कापलेल्या चौथ्या दोऱ्याचं ते टोक काढायचं राहिलं होतं. मिथेनमधून निघालेला कार्बन, कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचायच्या आधीच इतकी वर्षं तुमच्याबरोबर सत्कार, सभा आणि भाषणं ऐकत फिरला. तुम्ही त्याला शोधत नव्हता, पण सांभाळत मात्र होता.

बाई, आता तुम्ही या. पिशवी उघडा. आज सकाळी तुम्ही खिळ्यावरून ती दोन पांढरी बटणं काढून रुमालात बांधलीत, ते मी पाहिलंय. मी दाराआडच थांबलो, कारण तुमचे डोळे भरले होते आणि मी ते पाहिल्याचं मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. हा दोरा घ्या, निळाच आणलाय. बांधा. चष्मा माझा घ्या हवा तर, तुमचा तुम्ही टेबलावर विसरलात. नष्ट झालेला नाही, तिथेच आहे.

आणि आता मोजा. मोठ्यानं मोजा, साहेबांना ऐकू जाऊ दे.

सभागृहानं ऐकलं ना? कार्बन बरोबर.

साहेब, तुम्ही खिशातून पेन काढलंत. मी काल रात्रभर झोपलो नव्हतो हो. शेऱ्यातला 'तात्पुरती' हा शब्द खोडायला फार शाई लागत नाही. मुख्याध्यापिका, खुर्च्यांसाठी दुसरी खोली बघा.

बाई, उद्यापासून तुम्ही घरी आहात. माझ्या बरण्यांतली बटणं आता बरण्यांतच राहतील आणि गिऱ्हाइकांना कोट वेळेवर मिळतील, ही कल्पनाच मला सोसवत नाही. तेव्हा माझी विनंती आहे, की नव्या शिक्षिका येतील त्यांना म्हणावं, अणू लागले तर दुकान उघडंच असतं.

मला इथे बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, मुख्याध्यापिकांचे, चहा थंड होत असूनही जागेवर राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर जास्त झालेलं कमी पडलेल्यात धरून घ्या आणि मला क्षमा करा. बेरीज जुळते. आमच्या बाईंनी आत्ताच तुमच्यासमोर मोजली आहे.